पावणेचार वर्षं

बिल्ले पितळेचे आहेत, एक ते दोनशे.
एकतीस नंबर आता कुणाला देत नाही.

चाळीस वर्षं मागावर बसलो, ह्याच दारासुरमात.
काठाची जर मोजता मोजता डोळे गेले.
म्हणजे अगदी गेले नाहीत,
धाग्याएवढं दिसेनासं झालं. चपलेएवढं दिसतं.
म्हणून इथे, देवळासमोर, पत्र्याखाली.
जोडीला पाच रुपये. लहान मुलांचे घेत नाही.

शाळेची सहल येते : साठ जोड काळे बूट,
आणि दरवेळी दोन पोरं एकमेकांचे घालून जातात.
परदेशी बाई येते, तिच्या नाड्या सुटेपर्यंत
नवरा आत जाऊन परत येतो.
नव्या नवरीच्या सँडलला किमतीचं लेबल तसंच असतं,
मी बोटाने हळूच काढून टाकतो.

देवळात चपला गेल्या की साडेसाती जाते म्हणतात.
काहीजण मुद्दाम विसरतात, मान वळवून,
गुन्हा केल्यासारखे बसकडे पळतात.
जाते म्हणजे कुठे जाते?
माझ्याकडे गोणी आहे.
तेवीस जणांची साडेसाती आहे तिच्यात,
शनिवारी उन्हात पसरतो, कुबट वास येतो म्हणून.
मुत्तय्या गोणीपासून चार हात लांब बसतो.
रात्रभर नऊशे वर्षांची राखण करणारा माणूस,
रबरी स्लिपरला भितो.

एळिलन पाहुण्यांना दाखवतो : हा दगडी रथ,
हे घोडे, ही चाकं.
लोक चाकाला हात लावून फोटो काढतात,
आत्ताच पंक्चर काढल्यासारखे.
मग म्हणतो, ह्या पायऱ्या गात असत.

असत.
मी ऐकल्यात. सात वर्षांचा असेन.
हातात गोटा घेऊन आम्ही पोरं बडवायचो,
एक पायरी भांड्यासारखी, एक गळ्यातल्या घंटेसारखी,
एक नुसतीच ठक्क. ती मला आवडायची.
आमच्यासारख्यांनीच बडवून बडवून
शेवटी त्यांना लोखंडी जाळी बसवून घेतली. वर कुलूप.
आता लोक कुलपाचा फोटो काढतात.

ती आली ऐप्पसीच्या पावसात.
देवळाचं अंगण रस्त्याहून खोल, घोट्याएवढं साचलेलं.
मला म्हणाली, पाणी.
मी म्हटलं, बाई, सगळं पाणीच आहे,
तेव्हा हाताची ओंजळ करून दाखवली तिने.
आम्ही घरात बोलतो त्या भाषेतही पाणी पाणीच.
तांब्यातलं दिलं. उभ्यानेच प्यायली.
एकतीस नंबर घेऊन आत गेली.

तासाने बाहेर. बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला,
बोटं मिटवली माझी, आणि चपलांवरून
नजरही न फिरवता चालू लागली.
अहो बाई, म्हटलं. अम्मा, म्हटलं.
राहू देत, म्हणाली. चिखलातून, अनवाणी, बसपर्यंत.

डावी टाच झिजलेली, उजवी जवळपास नवी.
डाव्या कडेवर कुणीतरी फार दिवस होतं.
अंदाज आहे माझा.
गोणीत नाही टाकला तो जोड.

अकरा वर्षांत मी आत गेलो नव्हतो,
चपला कोण बघणार?
त्या रात्री शेवटची बस गेल्यावर
माझा जोड तिच्याशेजारी ठेवला,
खिशात एकतीस नंबर घेतला, आत गेलो.
दगड दिवसभर भिजून गार. रथ जागेवरच.
पायऱ्यांपाशी वाकलो, जाळीच्या भोकातून
बिल्ला आत घालून ठोकायचा म्हणून,
पण हात थरथरतो हल्ली.
जाळीच वाजली.
मुत्तय्या लांबून ओरडला, कोण रे?
मी, म्हटलं. तुळशीराम. काही नाही.

बाहेर येतो तर कुत्र्याने
माझी डावी चप्पल नेलेली.
म्हणजे निम्मी टळली म्हणायची,
पावणेचार वर्षं.
तिचा जोड तसाच होता, जुळलेला, कोरडा.
हात लावला नाही.
एका पायात घालून,
एक पाय चिखलात टाकत घरी गेलो.