चाकोरी

नदी सगळीकडून दिसते. पूर्णगडच्या पुलावरून तर
उताणी निजल्यासारखी.
पण होडी घालायला जा,
नदीला दार सापडत नाही.

तीन रविवार मुचकुंदीच्या दोन्ही काठांनी
बोलेरोमागे ट्रेलर खडखडवत फिरलो,
मी आणि भाचा सुयोग.
ट्रेलर पालीच्या गजा पांचाळाने
ट्रॉलीच्या जुन्या आसावर जोडलेला,
वर बारा फुटी फायबरची होडी, अजून बिननावाची,
मागे लाल फडकं.
वाटेत लोक विचारत, "इकायची हाय काय?"

गावखडीला उतार होता, पण वाळूचा.
चाकं आसापर्यंत रुतली.
पाच जणांनी ट्रेलर काढला, सहाव्याने फोटो.
डोर्ल्याला नवा धक्का: पाटीवर सात नावं
आणि पाण्यापर्यंत एकवीस पायऱ्या.
पायऱ्या माणसांना चालतात, गणपतीला चालतात.
आंबेऱ्याला बागेतून वाट,
बागेला फाटक, फाटकाला कुलूप,
किल्ली गोरेगावला.

एका जागी मात्र सगळं होतं:
पाण्यात सरळ उतरणारा सिमेंटचा रस्ता,
गाडी वळवायला जागा, वर वडाची सावली.
"मामा, हेच!" म्हणत सुयोगने उडी मारली.
रस्त्याच्या टोकाला
रचून ठेवलेली लाकडं, राखेचा काळा गोल,
आणि फुटकं मडकं.
आम्ही थोडा वेळ उभे राहिलो.
मग गाडी फिरवली, कुणी काही बोललं नाही.
वहीत त्या जागेची ओळ कोरी आहे.

साटवलीच्या खालच्या अंगाला
जैनब वस्ता मुळे काढून वर येत होत्या,
टोपलीतून पाण्याची धार, पाय कोपरासारखे काळे.
"काय सोधताव?"
होडी घालायला जागा.
"पडाव लागायचे तिथं बगा की,"
आणि हनुवटीने कांदळवन दाखवलं.
आम्ही निघालो तर मागून हाक:
"आता नाय वो! निवट्या नाचतायत तिथं.
चार वाजता या. अष्टमी हाय, भांगाचं पानी,
चढंल, पन अंगावर नाय येनार."

चार वाजता फांद्या सारल्या.
खाली जांभा कातळ, बैलाला झेपेल इतका तिरका,
आणि त्यात दोन चाकोऱ्या,
घोटाभर खोल, पाण्याखाली गेलेल्या.
मीठ वर गेलं असेल, कौलं, सुकट,
कुणाच्या तरी लग्नाची पितळी भांडी.
शेवटचा पडाव जैनबमावशींच्या सासऱ्यांनी पाहिला.
मावशींनी फक्त ऐकला.

मी टेप लावला. गाड्यापेक्षा ट्रेलर चार बोटं रुंद.
मग एक चाक चाकोरीत, दुसरं कातळावर,
तशीच तिरकी, कण्हत होडी मागे निघाली.
उजवीकडे न्यायची तर स्टिअरिंग डावीकडे,
हे माझ्या हातांना अजून पटत नाही.
मांडीभर पाण्यातून सुयोग ओरडतोय,
"काप मामा, काप! अजून. सोड. सोड. बास!"

आणि हुकावरचं वजन गेलं.
गाडीला ते माझ्याआधी कळलं,
मागचं अंग तिने हळूच वर उचललं,
ओझं उतरवून कंबर सरळ करावी तसं.

होडी तरंगली. सुयोग हसला.
मग हसायचा थांबला. होडीच्या आत, तळाशी, पाणी.
"मामा, बूच?"
बूच घरी. हरवू नये म्हणून
देव्हाऱ्यातल्या वाटीत नीट ठेवलेलं.

मावशींनी काठावरचं सोडण उचललं,
दाताने काथ्या ओढला, तळव्यावर वळून बोळा केला.
"हे घाला. पानी उतरंपत्तोर टिकंल."
टिकला.

रात्री वहीत लिहिलं:
साटवलीखाली, कांदळवनाआड, अष्टमी, चार वाजता.
पत्त्यात तिथी लिहायची माझी पहिलीच वेळ.
बूच आता गाडीच्या चावीला बांधलंय.