पहिलं पाणी

सव्वीस वर्षं दर शनिवारी
घोरपडीच्या फाटकाशी गाडी जायची वाट बघत
मी लुना बंद करून उभी राहायचे,
पायाशी वेदीच्या कापडांची पिशवी.
मेणाला तपकिरी कागद आणि गरम इस्त्री,
द्राक्षारसाला मीठ-लिंबू,
धुपाच्या वासाला काही नाही, तो राहू द्यायचा.
चषक पुसायच्या रुमालाचं पहिलं पाणी
मोरीत ओतायचं नाही, जमिनीला द्यायचं.
सिस्टर कॉन्सेसांनी शिकवलं तेव्हा मी नवी नवरी होते.
आमच्याकडे जमीन म्हणजे
चाळीमागच्या कढीपत्त्याचा बुंधा.
झाड पत्र्याच्या वर गेलं.
शेजारच्या शकूताई रोज दोन काड्या नेतात पोह्यांना.
कशावर वाढलंय ते मी सांगितलं नाही,
त्यांनी विचारलं नाही.

मार्चमध्ये गाड्या थांबल्या, फाटक दिवसभर उघडं,
आणि चर्चचं दार बंद,
कुलपावर आडवा बांबू, सुतळीने बांधलेला.
झावळ्यांच्या रविवारी झावळ्या कुठल्या,
थोरलीने कढीपत्त्याची फांदी धरली.
होसान्ना म्हणताना तिला शिंक आली
आणि घरातले सगळे तिच्याकडे बघायला लागले.

मिस्सा धाकट्याच्या मोबाईलवर,
मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवलेला.
फादर नॉर्बर्ट भलतीकडेच बघून बोलायचे.
"प्रभू तुम्हांबरोबर असो" म्हणून थांबायचे,
आम्ही चौघं स्वयंपाकघरातून उत्तर द्यायचो.
ते त्यांना पोचत नसे,
तरी ते तेवढंच थांबायचे, बरोब्बर तेवढंच.

खरं सांगते, प्रवचनात माझं लक्ष नसे.
वेदीच्या कापडावर, डाव्या मेणबत्तीखाली,
मेणाचा थेंब पडला होता. चार आण्याएवढा.
पुढच्या रविवारी तोच.
उत्तम शुक्रवारी वेदी उघडी करतात, त्या दिवशी नव्हता.
पुनरुत्थानाला परत तोच.
प्रभो, म्हटलं, लस तू बघ,
एवढं तरी मला करू दे.

जूनमध्ये लाजरस तोरणे गेले. घंटा तेच वाजवायचे.
नायडूत अकरा दिवस होते.
पुरायला चौघे जण पांढऱ्या प्लास्टिकमध्ये,
फादर लांब, चिंचेखाली.
शवपेटीवर घालायचं कापड माझ्या ट्रंकेत होतं,
फेब्रुवारीचं, धुऊन घडी घातलेलं.
फोन केला तर म्हणाले, नको ताई, परवानगी नाही.
मी ते उलगडलं, पलंगावर पसरलं,
पुन्हा घडी घातली.
आमचं फारसं पटायचं नाही, हेही सांगायला हवं.
घंटेची मळकी दोरी माझ्या टोपलीत टाकायचे,
वर म्हणायचे, "हीपण देवाचीच."
मी दर वेळी काढून परत ठेवायचे.
रात्री त्यांच्या नावाने जपमाळ धरली,
चौथ्या रहस्यातच डोळा लागला.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी
फादर कंपाउंडपाशी आले, मास्क घामाने चिकटलेला.
भिंतीवर पिशवी ठेवली, चार पावलं मागे सरले.
"घाई नाही," म्हणाले.
मग जरा वेळाने, "दोरीही आहे."

तपकिरी कागद, गरम इस्त्री.
थेंब निघाला. निघणारच, मेण ते.
दोरी बादलीत भिजवली.
एक हातभर भाग काळा, तुकतुकीत,
मूठ बसायची तिथे.
दोरीचं पहिलं पाणी कुठे द्यायचं
हे सिस्टर सांगून गेल्या नव्हत्या.
बादली उचलून मागे गेले.
शकूताई काड्या तोडत होत्या, पदर तोंडावर.
मी थांबले तशा म्हणाल्या,
"ओता की. बघत काय बसलाय, झाड सुकलंय."