चार भोकं

बुरट्रेस्कच्या त्या गोठ्यात ती मिळाली तेव्हा
वर गवताची गंजी होती, खाली नुसता गंज.
व्होल्वो, पी अठराशे, सहासष्टची, दोन दारांची,
मागे माशासारखे दोन पर,
बैठकीत उंदरांची कितवी तरी पिढी.
रागन्वाल्ड तिच्याभोवती तीनदा फिरला,
खिशातल्या चुंबकाने पत्रा चाचपत.
जिथे चुंबक चिकटेना तिथे पुट्टी,
पुट्टीखाली काहीच नाही.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
“इंजिन फिरतंय गं, हाताने.”
मी समजले. पैसे गेले.

सहा हिवाळे मी दिवा धरला.
शेलेफ्टियोत नोव्हेंबर सरता सरता
दुपारी दोनला दिवस संपतो
आणि गॅरेजचा सुरू होतो.
“जरा डावीकडे. नाही, माझ्या डावीकडे.”
त्या वर्षांतला आमचा संसार
बराचसा या एका वाक्यावर चालला.

पहिले दोन हिवाळे नुसता तळ.
चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं, म्हणायचा,
आणि ते लागेचना.
चाळणी झाली होती. खालून दिवा धरला की
छतावर चांदणं पडायचं.
मी म्हटलं, राहू दे की असंच.
तो हसला नाही.
पत्रा कापला, ठोकला, वाकवला,
वेल्डिंगचा एकेक टाका घालत रफू केलं,
आणि रात्री झोपेतही
त्याचा अंगठा चादरीवर भोकं शोधायचा.

गुरुवारी अल्गोत यायचा, क्लबातला,
कारखान्याचा मूळ रंग
चाटून ओळखेल असा माणूस.
भंगारातल्या दोनशे चाळीसचा पाच गिअरचा डबा
आम्ही हिच्या पोटात बसवला तेव्हा
तो कॉफी अर्धी टाकून उठला.
“मूळची राहिली नाही ती.”
“मूळचा मी तरी कुठे राहिलोय,” रागन्वाल्ड म्हणाला,
“खुब्यात टायटॅनियम आहे.”

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं.
वहीत आहे, निळ्या शाईत:
एक लाख बारा हजार क्रोनर.
त्यात दिव्याचे बल्ब धरलेले नाहीत.
धरणारी तर नाहीच.

सहाव्या मार्चात खुर्च्या आल्या, लाल चामड्याच्या.
“बसून बघ,” म्हणाला, डावीकडचं दार उघडून,
म्हणजे चामडं बघ, असं त्याला म्हणायचं होतं.
मी स्टिअरिंग धरलं. क्लच दाबायला गेले.
बोटं टेकली, पाय पुरेना.
“चार बोटं पुढे घे ही.”
“रूळ तिथेच संपतो, गुन्वोर.
पुढे न्यायची तर तळाला
नवी भोकं पाडावी लागतील.”

मग दोघंही गप्प.
त्या दिवशी माझ्या हातात दिवा नव्हता,
तरी त्याचा चेहरा मला दिसत होता.
सहा वर्षं बुजवत आलेला माणूस.
“मग पाड,” मी म्हटलं.

तो घरात गेला. कॉफी झाली असेल,
दुसरीही झाली असेल.
परत आला तो कानावर पेन्सिल ठेवून.
खुर्ची उचलली, मापं घेतली, पुन्हा घेतली,
चार फुल्या काढल्या,
आणि ड्रिल माझ्या हातात देऊन
दिवा स्वतः घेतला.
“जरा डावीकडे,” मी म्हटलं.
“माझ्या डावीकडे.”

पत्र्याची चकचकीत सोलपटं माझ्या बाहीत शिरली.
कडांना त्याने लाल प्रायमर लावला
कापूस गुंडाळलेल्या काडीने,
लहान मुलाचे कान पुसावेत तसा.

मे महिन्यात रस्त्यांवरची खडी झाडून झाली
तेव्हा मी गाडी लोव्होंगेरकडे काढली.
शेजारी तो, टोपी मांडीवर घेऊन.
समुद्र आला, त्याने पाहिला नाही.
कान गिअरच्या डब्याकडे.
“तिसऱ्यात काहीतरी वाजतंय.”
“वाजू दे,” म्हणून मी चौथा टाकला, मग पाचवा.

वाजत होतं खरं. मलाही कळत होतं.
नोव्हेंबरला अजून सहा महिने होते.