सोहार, गुरुवार रात्र

गेटवर सुरमईचे तीन ट्रक, बर्फ पाझरतोय.
बिल निघत नाही म्हणून दाद मुहम्मद
चौथ्यांदा काचेवर अंगठी वाजवतो.

फाईल उघडतो.
होस्ट बरोबर. पोर्ट तेहतीस-शून्य-सहा, तोही बरोबर.
पासवर्डाच्या शेपटीला एक रिकामी जागा चिकटलेली,
ती काढली, पुन्हा चालवलं.
तेच: प्रवेश नाकारला.

मग युजरची ओळ.
सनोज.

काल त्याचा व्हिसा रद्द झाला,
आज दुपारी एचआरनं त्याची खाती मिटवली,
आणि हे खुळं सॉफ्टवेअर तेव्हापासून
त्याच्याच नावानं दार वाजवतंय
दर तीस सेकंदांनी.

वर त्याची टीप, मशीन वाचत नाही ती:
‘हात लावू नका, चालतंय.’
किल्ल्या देताना म्हणाला होता,
सगळं लिहून ठेवलंय, फोन करावा लागणार नाही.
पाच वर्षं आम्हा दोघांत एकच स्टेपलर होता.

ओळ पुसत नाही. तिच्या पुढे हॅश लावतो,
खाली माझं नाव,
स्पेलिंग दोनदा तपासून.
सेव्ह. रीस्टार्ट.

प्रिंटर घसा खरवडत उठतो.
दाद मुहम्मद बिलाची घडी खिशात कोंबतो,
“सनोजभाई दिसला नाही आज?”

दुसरा ट्रक पुढे घे, मी म्हणतो.