वळचणीचं पाणी

मी आधी रस्त्यावरूनच छपरं पाहून घेतो.
ज्यावर बर्फ हातभर, सपाट, ठाण मांडून बसलेला
त्या घरातून मला बोलावणं येत नाही.
ज्याचं आढं उघडं, काळं, ओलं,
आणि वळचणीला पुरुषभर उंचीचे बर्फाचे सुळे
(पाहुणे गाड्या थांबवून त्यांचे फोटो काढतात)
तिथं मी शिडी लावतो.

लेम्पी हर्युलाचं घर तसलं.
फेब्रुवारी. सुपिरिअर सरोवरावरून येणारा वारा
नाकातले केस गोठवणारा,
आणि तिच्या निजायच्या खोलीत, पलंगाच्या बरोबर वर,
छताला कॉफीच्या रंगाचा डाग.
खाली पातेलं.
टप्.
मग बराच वेळ काहीच नाही.
टप्.
"बाहेर उणे वीस," ती म्हणाली, "मग पाणी येतं कुठून?"
तुमच्या स्टोव्हमधून, मी म्हणालो.
तिला वाटलं, थट्टा करतोय.

माळ्यावर पोटावर सरपटत गेलो.
टॉर्च लावला, तर डोक्यावर चांदणं:
फळ्यांतून आत आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला
हिमाचा एकेक दाणा.
तिचा श्वास, माशाच्या रश्श्याची वाफ,
तळघरातल्या सौनाचा शनिवारचा ओलावा
धुराड्याच्या कडेकडेनं वर चढून
तिथं थिजलेला.
जायला वाटच नव्हती.
वळचणीच्या ज्या जाळ्यांतून गार हवा आत शिरते,
फळ्यांना खालून घासत जाते
आणि आढ्यातून मुकाट बाहेर पडते,
त्या एकूण एक बुजवलेल्या.

लोकरीचे मोजे, घट्ट गुंडाळी केलेले.
फ्लॅनेलचा शर्ट, एका बाहीचा.
एकोणीसशे एक्क्याण्णवचं बँकेचं कॅलेंडर, चुरगळून.
खाणीतला कोट,
त्याच्या शिवणीत अजून हिरवट धूळ.

"उर्हो," ती शिडीखालून म्हणाली.
"मला न्यूमोनिया झाला त्या हिवाळ्यात.
म्हणाला, या घरात आता वारा शिरणार नाही."

तांब्याच्या खाणीत उतरलेला माणूस तो.
हवा कोंडली की काय होतं
हे त्याला मी सांगावं?
पण ती खाण होती.
हे घर होतं, आणि घरात ती खोकत होती.

ऊब वर गेली. बर्फ खालच्या अंगानं वितळला.
पाणी घरंगळलं थेट वळचणीपर्यंत,
तिथं खाली खोली नाही, ऊब नाही,
तिथं ते दगड झालं.
मागून आलेलं अडलं, तुंबलं,
शिंगल्सखालून उलटं चढलं.
वळचणीचं पाणी आढ्याला, ही माझ्यासाठी नुसती म्हण नाही.
मी ते कुऱ्हाडीनं फोडलंय.

सगळं मी तिला सांगितलं नाही.
एवढंच म्हणालो,
खोली गरम ठेवायची, तर छपराला थंडी वाजू द्यावी लागते.
ती खिडकीबाहेर बघत राहिली.
"हे त्याला सांगायला हवं होतं कुणीतरी,"
आणि थोड्या वेळानं,
"नाही, बरं झालं नाही सांगितलं."

दोन दिवस लागले. भेगा बुजवल्या,
माळ्याच्या जमिनीवर कापसासारखा थर पसरला,
जाळ्या मोकळ्या केल्या.
कोट टाकून द्यायला तिनं दिला नाही.
मोजे धुऊन स्टोव्हवरच्या तारेवर वाळत घातले:
नऊ. दहावा सापडलाच नाही.

मार्चमध्ये तिचा फोन आला.
"बर्फ आहे छपरावर. तसाच आहे.
डोमकावळा चालून गेला, त्याची पावलंसुद्धा तशीच.
पण रात्री वर वारा ऐकू येतो."
घाबरू नका, म्हटलं, तो राहायला येत नाही,
एका बाजूनं येतो, दुसरीकडून जातो.

"जाऊ दे," ती म्हणाली.
मग बराच वेळ
फोन ठेवलाच नाही.