अठ्ठेचाळीस सेंटिमीटर

मे महिन्यात दुपारी, सदरच्या आमच्या गल्लीत
जिप्सीच्या बॉनेटला हात लावला तर कातडं तिथेच राहतं.
म्हणून झनकलाल उईकेला बजावलं होतं, पहाटे निघ.
तो उगवला साडेबाराला, मनसरला पंक्चर झालं म्हणे,
मागे गोणपाटात गुंडाळलेली सात फुटांची अँटेना,
कुणा साहेबाने दिलेली.
"हेच लावा जी. आन रेडिओ पन्नास वॅटचा.
लय दूर गेला पाह्यजे आवाज."

मी ती गोणपाटासकट भिंतीला टेकवली.
सात फूट काठी बांबूच्या बनात
पहिल्या वळणावर पाचाची होते,
दुसऱ्या वळणावर होतीशी होते.
आणि लांब अँटेना बोलते नाकासमोर, क्षितिजाशी.
तू असशील नाल्यात, चाक रुतलेलं,
टॉवर टेकडीवर,
तुझं बोलणं त्याच्या पायाखालून निघून जाईल.
तुला आखूड हवी. जरा वरही बघणारी.
"आखूड?"
मोठा पतंग मागून छोटा मिळालेल्या पोट्ट्यासारखा
तो स्टुलावर बसला.

जिप्सीचं छत कापडाचं.
अँटेनेला खाली लोखंड लागतं, भरपूर,
तीच तिची जमीन.
म्हणून बॉनेटवर, काचेपाशी, ड्रिल लावलं.
सरकारी हिरवा रंग खरवडला, चंदेरी पत्रा लागेपर्यंत;
झनकलालने तेवढा वेळ तोंड फिरवलं.
बिजागऱ्यांवर माझा विश्वास नाही,
एक विणलेली तांब्याची पट्टी बॉनेटपासून चासीपर्यंत नेली.

करंट थेट बॅटरीचा. सिगारेट लायटरमधून घ्यायचा नाही.
एकदा घेतला होता, मीच,
गिऱ्हाइकाला घाई होती.
त्या गाडीचं आज सांगत नाही.
दोन्ही तारांना फ्यूज, बॅटरीपासून वितीच्या आत.
भोकाला रबराची कड, पत्रा तार चावतो.

मग इंजिन सुरू केलं.
इशरत, आठ महिन्यांपासून माझ्या हाताखाली,
स्पीकरशी मान तिरकी करून म्हणाली,
"काका, सूंऽ होतंय. रेस दिली की चढतंय."
"हो हो, अल्टरनेटर," मी म्हणालो,
आणि मान हलवली, ऐकल्यासारखी.
तिने माझ्याकडे गरजेपेक्षा थोडं जास्त पाहिलं.
काही बोलली नाही. फिल्टर जोडला.
"गेलं."
"गेलं," मी म्हणालो.

राहिली काठी. बावन्न सेंटिमीटर, मुद्दाम जास्तीची.
पक्कड तिच्या हातात दिली, पहिल्यांदाच.
थोडी काप. बघ. पुन्हा थोडी.
जास्त कापलीस तर पदरचे पैसे.
मीटरचा काटा दिसतो मला, काटा अजून दिसतो:
एक पूर्णांक आठ. दीड.
तिच्या कपाळावरचा घाम बॉनेटवर पडला आणि सुकलाच.
एक पूर्णांक दोन.
"अजून एक मिलीमीटर?"
राहू दे. सगळंच्या सगळं कुठेच जात नाही,
थोडं परत येतंच.

सात फुटी तशीच सोडून झनकलाल गेला.
साडेआठला, शटर अर्धं खाली,
त्यांच्याच खात्याचा दुरुस्तीला आलेला सेट बोलला:
"दुकान, दुकान, झनक. कन्हानच्या पुलापाशी हाओ.
उसाचा रस पेऊन राह्यलो जी.
बरफ लय टाकला त्यानं."
शब्द न् शब्द आला. मी हातातलं फडकं खाली ठेवलं
आणि विचारलं, दिवसभर न विचारलेलं:
"खाली काही आहे का गं? सूं वगैरे?"
"नाही काका. नुसते ट्रक जातायत.
आणि चरकाची घंटी."

बटण सोडायला विसरला होता तो.
अख्खा हायवे दुकानात शिरत होता, लोखंडी पाट्यांसकट,
कुणीतरी सुट्टे मागत होतं,
आणि बटण सोड हे त्याला सांगायचं
तर आधी त्याने बटण सोडायला हवं.
आम्ही दोघं बसून राहिलो.