दुसरीचा ळ

दुसरीच्या वर्गात ळ कुणालाच येत नाही.
शाया. फया. काये डोये.
केवल कोळी तर स्वतःचं आडनावच कोयी सांगतो,
आणि खुशाल खाली बसतो.

फळ्यावर आठवडाभर गिरवला.
पुस्तकातलं कमळ इथं कुणी पाहिलेलंच नाही.

मग सोमवारी सगळी पोरं बाहेर काढली.
चुलीची राख मागून आणून
अंगणात काढला बैलगाडीएवढा ळ.
तेलाचा रिकामा डबा अरमान तडवीच्या मांडीवर:
धिन् म्हटलं की पाऊल, टाक् म्हटलं की वळण.
दोन वेढे, मध्ये अरुंद वाट,
तिथं सगळी एकमेकांवर आदळतात,
राख पायांना, राख चड्ड्यांना,
अर्धा ळ पुसून वर्गात आला.

मागच्या बागेतून केळीचं न उलगडलेलं पान आणलं.
हात फिरवा. नाकाला लावा.
जीभ अशी गुंडाळायची, आत.
आणि प्रत्येकाच्या टाळूला, अगदी वर,
चिकटवला गुळाचा खडा:
जिभेचं टोक उलटं वळवून शोधा.

चोवीस तोंडं, आ वासलेली.
एवढी शांतता मी तपासणीलाही ऐकली नव्हती.

"गूळ," केवल म्हणाला.
स्पष्ट, गोल, लाळेसकट.
आणि लगेच,
"म्याडम, अजून गुय द्या ना."

दिला.
डी.एड.ला असताना खोलीचं दार लावून
हाच ळ घोकला होता मी,
कोरड्या तोंडानं.

संध्याकाळी यावलहून आईचा फोन,
"शाया सुटली का वं?"
सुटली माय, म्हटलं,
आत्ताच सुटली शाया.